एसएमसी टाकुमार ५० मिमी एफ/१.४ : आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावरील परीक्षण

जुन्या, हाताने फोकस कराव्या लागणाऱ्या लेन्सविषयी लिहिताना तिच्या वयाची सवलत देण्याचा मोह अनेकांना होतो. चित्र मवाळ आले की त्याला स्वभाव म्हणायचे, रंग ढळले की त्याला जुना काळ म्हणायचे, असा तो प्रकार आहे. पेंटॅक्स कॅमेरे बनवणाऱ्या असाही ऑप्टिकल कंपनीच्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ या लेन्सला अशा सवलतीची गरज नाही, आणि म्हणूनच तिचे परीक्षण आज विकत घेऊन आज वापरायचे साधन म्हणून करणे मला योग्य वाटते. मात्र या साधनात एकटी लेन्स येत नाही. लेन्सची सध्याची प्रकृती आणि कॅमेऱ्याशी तिला जोडणारा अ‍ॅडॉप्टर हेही त्यातच येतात, आणि या दोहोंपैकी एक जरी सदोष असेल तर लेन्सच्या मूळ गुणांबद्दल कितीही चांगले ऐकले असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

येथे विचारात घेतलेली आवृत्ती १९७१ नंतरची आहे. त्या वर्षी कंपनीने आपल्या लेन्सवर परावर्तन कमी करणारे सात थरांचे नवे कोटिंग चढवण्यास सुरुवात केली आणि पुढच्या कडीवर ‘सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार’ असे पूर्ण नाव कोरले. नंतर तेच नाव ‘एसएमसी टाकुमार’ असे आखूड झाले आणि फोकसच्या धातूच्या खाचदार कडीवर रबराचे आवरण आले. १९७५ साली कंपनीने स्क्रूची जोडणी सोडून के-माउंट ही फिरवून अडकवायची जोडणी (माउंट) स्वीकारल्यामुळे या रूपातील लेन्सचा काळ तेथे संपला. त्याआधीची ‘सुपर-टाकुमार’ आवृत्ती १९६४ पासून मिळत होती. तिचा पहिला आराखडा आठ भिंगांचा होता, तर पुढचा सात भिंगांचा. आपली लेन्स या सात भिंगांच्या, सहा गटांत बसवलेल्या आराखड्याची आहे. संग्राहकांत आठ भिंगांच्या आवृत्तीला मोठा मान आहे आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु नेहमीच्या वापरासाठी मी नव्या कोटिंगची आवृत्तीच निवडेन, कारण प्रकाशाच्या उगमाकडे तोंड करून चित्र घेताना जुन्या आवृत्तीतील कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद भागांतील फरक) लवकर खालावतो आणि हिच्यातील बऱ्याच अंशी टिकून राहतो.

हातात घेतल्याबरोबर जाणवते ती घडण. वजन सुमारे २५० ग्रॅम, पुढचा फिल्टर ४९ मिमी, सर्वांत जवळचा फोकस ४५ सेंटीमीटर, आणि बाहेरचे सर्व काही धातूचे व काचेचे. तुलनेसाठी सिग्माची २०१४ सालची ५० मिमी एफ/१.४ आर्ट लेन्स पाहावी. तिच्यात १३ भिंगे आहेत आणि तिचे वजन ८१५ ग्रॅम आहे. त्या वजनाच्या मोबदल्यात ती एफ/१.४ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना, जे देते ते टाकुमार देत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. मात्र दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्याला या दोन आकड्यांमधील फरक मानेला कळतो. चांगल्या स्थितीतील टाकुमारची फोकसची कडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. तिचा फेरा लांब असल्यामुळे बारीक फेरफार सहज जमतात. आजच्या स्वयंचलित लेन्सच्या कड्या बहुधा विजेच्या संकेतावर चालतात, तर येथे बोट आणि भिंग यांच्यामध्ये केवळ पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि ग्रीस असते. फोकस कोठे थांबला हे डोळ्यांच्या आधी बोटांना समजते.

आता अ‍ॅडॉप्टर. या लेन्सची जोडणी एम-४२ प्रकारची आहे, म्हणजे ४२ मिमी व्यासाचा आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचा साधा स्क्रू. लेन्सची बैठक आणि फिल्म यांतील अंतर या पद्धतीत ४५.४६ मिमी असते. सोनीच्या ई-माउंटमध्ये हेच अंतर १८ मिमी, निकॉनच्या झेड-माउंटमध्ये १६ मिमी आणि कॅननच्या आरएफ-माउंटमध्ये २० मिमी आहे, म्हणून अ‍ॅडॉप्टरची जाडी अनुक्रमे २७.४६, २९.४६ आणि २५.४६ मिमी भरली पाहिजे. मध्ये कोणतीही काच लागत नाही. अ‍ॅडॉप्टर ही एक पोकळ नळी असते आणि म्हणूनच चित्राचा दर्जा तिच्यामुळे कमी होण्याचे कारण नसते. आरशाच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. निकॉनच्या एफ-माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सला हवे त्याहून जास्त आहे. त्यामुळे अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूंवर, फोकस मिळवायचा तर मध्ये दुरुस्तीची काच घालावी लागते आणि ती काच लेन्सच्या गुणांवर पाणी फिरवते. कॅननच्या ईएफ-माउंटवर पातळ कडीने काम भागते, पण पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) काही बॉडींमध्ये आरसा लेन्सच्या मागच्या बाजूला अडकू शकतो. या लेन्ससाठी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोकळ नळी असली तरी तिच्यात चुका होतातच, आणि त्या मोजता येतात. ५० मिमीच्या लेन्सला अ‍ॅडॉप्टर केवळ ०.१ मिमी जाड झाला, तर अनंतावरची खूण गाठूनही प्रत्यक्ष फोकस सुमारे २५ मीटरवर थांबतो आणि दूरची डोंगररांग कधीच स्पष्ट होत नाही. तो तितकाच पातळ झाला, तर लेन्सवरील मोजपट्टी २५ मीटरच्या आसपास असतानाच अनंत गाठले जाते आणि कडी त्यापलीकडेही फिरत राहते. अनेक उत्पादक या दुसऱ्या बाजूला झुकतात, कारण गिऱ्हाइकाची तक्रार अनंत न मिळाल्याची असते, अनंत लवकर मिळाल्याची नसते. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहून फोकस करणाऱ्याचे यात काही अडत नाही. परंतु मोजपट्टीवर अंतर लावून रस्त्यावर झटपट चित्रे घेणाऱ्याने अ‍ॅडॉप्टरची जाडी व्हर्निअर कॅलिपरने तपासावी. नळीची आतली बाजूही पाहावी. ती चकाकणारी असेल तर तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश सेन्सरवर पसरतो, चित्र फिके पडते आणि दोष विनाकारण लेन्सला लागतो. मंद काळ्या रंगाची किंवा आत आडव्या खाचा असलेली नळी घ्यावी.

आणखी एक बारकावा या लेन्सपुरता महत्त्वाचा आहे. तिच्या मागे एक छोटी दांडी असते. जुन्या कॅमेऱ्यात शटर दाबताना ती आत ढकलली जाई आणि अ‍ॅपर्चर मिटत असे. बाजूला स्वयंचलित आणि हाती अशा दोन स्थिती निवडण्याचे बटण असते, पण या आवृत्तीत लेन्स कॅमेऱ्यावर बसलेली नसताना ते बटण एका लहान खिळीमुळे अडलेले राहते. पुष्कळांना लेन्स नादुरुस्त आहे असा गैरसमज होतो तो यामुळेच. खिळी बोटाने दाबली की बटण सरकते. अ‍ॅडॉप्टरच्या आत दांडी दाबून धरणारी कड असेल, तर बटण कोणत्याही स्थितीत असले तरी अ‍ॅपर्चर कडीप्रमाणे उघडते आणि मिटते. अशी कड असलेला अ‍ॅडॉप्टर घेणे अधिक सोयीचे.

कॅमेऱ्यात दोनच गोष्टी बदलाव्या लागतात. लेन्स नसतानाही शटर चालू देण्याची परवानगी द्यावी लागते आणि बॉडीत हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण असेल तर फोकल लेंग्थ ५० अशी हाताने भरावी लागते. छायाचित्राच्या नोंदीत अ‍ॅपर्चरचा आकडा येत नाही.

प्रत्यक्ष चित्राकडे वळल्यावर ही लेन्स मला दोन लेन्स असल्यासारखी दिसते. एफ/१.४ वर मध्यभागी तपशील असतो, पण त्यावर गोलीय विपथनाचा (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर न मिळण्याच्या दोषाचा) एक पातळ उजळ पडदा येतो. कॉन्ट्रास्ट कमी, कोपरे काळपट आणि मवाळ, आणि आकाशासमोरच्या फांद्यांच्या कडांना जांभळी झाक असे चित्र मिळते. फोकसच्या अलीकडच्या भागात हीच झाक गुलाबी-जांभळी आणि पलीकडच्या भागात हिरवट दिसते. चेहऱ्याच्या छायाचित्राला हा पडदा अतिशय मानवतो, कारण डोळ्यांच्या पापण्या मोजता येतात आणि त्वचा मात्र कठोर दिसत नाही. कागदपत्रे, इमारती किंवा रात्रीचे दिवे यांसाठी मात्र एफ/१.४ टाळावे. एफ/२ वर पडदा बराचसा विरतो, एफ/२.८ वर चित्र भरदार होते आणि एफ/४ ते एफ/८ या पट्ट्यात आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरसमोरही ही लेन्स मान खाली घालत नाही. कोपऱ्यांना सर्वांत उशीर लागतो, ते एफ/८ च्या सुमारास मध्यभागाच्या जवळ येतात. पार्श्वभूमी दूर असेल तर तिची धूसरता मऊ आणि शांत असते, पण मधल्या अंतरावर पानांची गर्दी असेल तर त्यांच्या कडा दुहेरी दिसून लक्ष विचलित होते. फ्रेमच्या कडेचे प्रकाशबिंदू मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात. अ‍ॅपर्चर मिटवत गेल्यावर त्यांना कोन फुटतात.

फोकसविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या लेन्सवर होणारे बहुतेक अन्याय येथेच होतात. पूर्ण फ्रेमवर, १ मीटर अंतरावर, एफ/१.४ ला स्पष्टतेची खोली सुमारे ३ सेंटीमीटर असते आणि सर्वांत जवळच्या अंतरावर ती १ सेंटीमीटरच्याही खाली जाते. कॅमेरे कडा रंगवून दाखवणारी जी फोकस पीकिंगची सोय देतात ती कॉन्ट्रास्टवर अवलंबून असते. येथे कॉन्ट्रास्टच कमी असल्यामुळे तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. चित्र मोठे करून, डोळ्याच्या बाहुलीवर फोकस लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दुसरे असे की गोलीय विपथनामुळे अ‍ॅपर्चर मिटवले की फोकसची जागा किंचित सरकते. म्हणून एफ/१.४ वर फोकस करून एफ/२.८ वर चित्र घेण्याची जुन्या कॅमेऱ्यांची सवय सोडावी आणि ज्या अ‍ॅपर्चरवर चित्र घ्यायचे त्यावरच फोकस करावा. मिररलेस कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर मिटलेल्या अ‍ॅपर्चरलाही उजळ राहत असल्याने यात अडचण येत नाही, आणि या एका बाबतीत ही लेन्स ज्या कॅमेऱ्यांसाठी बनली त्यांच्यापेक्षा आजच्या कॅमेऱ्यावर अधिक अचूक चालते.

लेन्स विकत घेताना तिचा पिवळेपणा पाहावाच लागतो. या आराखड्यात थोरियमयुक्त काचेचे भिंग आहे. थोरियम मिसळल्याने काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि रंगांचे अपस्करण (रंग वेगवेगळे फाकणे) मात्र आटोक्यात राहते, म्हणून त्या काळी अशी काच वापरली जाई. थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षांत काचेत रंगकेंद्रे (प्रकाश शोषणारे सूक्ष्म दोष) तयार होतात आणि ती चहासारखी पिवळसर-तपकिरी होते. पांढऱ्या कागदावर लेन्स धरून आरपार पाहिले की हे लगेच कळते. डिजिटल कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सने रंग सुधारतो, पण निळा प्रकाश मुळातच कमी आलेला असल्यामुळे कमी उजेडात त्या रंगात दाणे वाढतात. उपाय सोपा आहे. मागचे भिंग वर करून लेन्स अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली तर काही दिवसांत वा आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवायची असेल तर खालच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावावा, कारण लेन्समधून एकवटलेले ऊन आग लावू शकते, आणि लेन्स फार तापू देऊ नये. कॅमेऱ्यावर लावून वापरताना किरणोत्साराची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण अंतर वाढताच तो झपाट्याने कमी होतो. मात्र हे भिंग घासू वा फोडू नये आणि डोळ्याला लावायच्या आयपीससाठी वापरू नये.

पिवळेपणा जातो, बुरशी मात्र कोटिंग खाते. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, भिंगांच्या मध्ये दुधाळ थर आहे का, चिकटवलेल्या भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी डाग आहेत का, हे पाहावे. चार-दोन धूलिकण किंवा पुढच्या काचेवरील एखादा बारीक ओरखडा चित्रात दिसत नाही, त्यासाठी चांगली लेन्स सोडू नये. मागच्या काचेवरील ओरखडा मात्र गंभीर मानावा. दांडी दाबून सोडल्यावर अ‍ॅपर्चरची पाती क्षणात हलली पाहिजेत. ती आळसावली असतील तर त्यांवर तेल उतरलेले असते. फोकसची कडी जड झाली असेल तर ग्रीस वाळलेले असते आणि ते जाणकाराकडून बदलून घेता येते.

ही लेन्स आवडली तर तिच्या घराण्यातील पुढच्या लेन्ससाठी नवा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. टाकुमार ३५ मिमी एफ/३.५, १०५ मिमी एफ/२.८ आणि १३५ मिमी एफ/३.५ याच स्क्रूवर बसतात आणि त्यांना हेच ४९ मिमीचे फिल्टर चालतात. त्यांतील १०५ मिमीची लेन्स मी सर्वांत आधी शोधेन, कारण चेहऱ्याच्या छायाचित्रांत ५० मिमीची लेन्स एफ/१.४ वर जी मऊ बाजू दाखवते तिच्या शेजारी या लेन्सचा स्वच्छ, शांत रेखीवपणा फार उपयोगी पडतो.