सायकल की धावणं? साठीतल्या हाडांचा सवाल

पुण्याहून साताऱ्यापर्यंत सायकल हाणणाऱ्या आमच्या काकांचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) रिपोर्ट आला: मणक्यांची घनता कमी. "सायकल सोडून धावू का रे?"

हाड मजबूत राहायला त्याला धक्के बसावे लागतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. सायकलवर तो सीट पेलते. दमसास वाढतो, पण हाडाला काम मिळत नाही. शर्यतीच्या सायकलपटूंचे मणके म्हणूनच अनेकदा कमकुवत निघतात. अर्थात धावण्याचा फायदाही खुब्याला जास्त, मणक्याला बेताचाच.

खर्चात बूट स्वस्त. गुडघ्यांना मात्र सायकलच सोसते.

गुडघे धड असतील तर हळूहळू धावायला लागा. कुरकुरत असतील तर सायकल ठेवा, पण आठवड्यातून दोनदा जाणत्या प्रशिक्षकाकडे वजनं उचला. काका, तुम्ही दुसऱ्या गटातले. आणि आधी डॉक्टरांना विचारा.