आठ महिन्यांचा अनुभव : मोटरहोममधला फ्रिज आणि बोर्टनची सपाट जमीन

मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टो-ऑन-द-वोल्ड या गावाजवळच्या एका शेतात आमच्या मोटरहोममधल्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मुक्कामी गाडीतल्या, फ्रिजने दोन लिटर दूध, घरी लावलेले दही आणि मिरजेहून आलेल्या आईने केलेले श्रीखंड दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत नासवले, तेव्हाच या गाडीविषयी सविस्तर लिहायचे मी ठरवले होते. त्या वेळी लिहिले असते तर मजकूर वेगळा झाला असता. सप्टेंबरमध्ये जवळच्याच बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावी तीन रात्री काढल्यानंतर माझे मत बरेच बदलले आहे. मात्र दुरुस्ती करणाऱ्यांविषयीचे मत बदललेले नाही.

गाडी मार्चमध्ये जुनी घेतली. फियाट ड्युकाटोची चासी (खालचा सांगाडा), सहा मीटर लांबी, 3,500 किलोंच्या आतले वजन आणि गॅस, 230 व्होल्ट व 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज, एवढे सांगितले की जाणकारांना पुरे. इंजिन, बिछाने, पाण्याची टाकी यांविषयी तक्रार नाही. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, दोन दिवसांनी रिकामी करावी लागते आणि त्याचीही सवय होते. माझा सारा राग फ्रिजवर होता, कारण बाहेर विकत घेऊन खायचे नाही, घरचेच शिजवून खायचे, या हिशेबानेच आम्ही गाडी घेतली होती.

स्टोहून परतल्यावर मी गाडी एका कार्यशाळेत नेली. तिथे त्यांनी दोन तास फ्रिज चालवून पाहिला, शीतकरणाचा संपूर्ण भाग गेल्याचे सांगितले, नवा बसवण्याचे 940 पौंड होतील असे लिहून दिले आणि तपासणीचे 85 पौंड घेतले. त्यांचे आवार गटाराच्या दिशेने चांगलेच उतरते होते, हे मी तेव्हा पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला तीन महिन्यांनी कळला. 940 पौंड देणे मला शक्य नव्हते, म्हणून उरलेला उन्हाळा आम्ही बर्फाच्या पेटीवर काढला.

सप्टेंबरच्या मध्यावर बोर्टनला गेलो. ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी तिथे नदीच्या पात्रातच फुटबॉलचा सामना होतो आणि गावात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो काळ मुद्दाम टाळला. गावाबाहेर एका शेतात पाचच गाड्यांची जागा होती. कॅरॅव्हान उभ्या करण्याच्या जागांविषयीच्या 1960 च्या कायद्यातील सवलतीमुळे मान्यताप्राप्त कॅरॅव्हान क्लब आपल्या सभासदांसाठी अशा लहान जागांना परवानगी देऊ शकतात आणि आमच्यासारख्यांना त्या फार सोयीच्या पडतात. वीजजोडणीसह एका रात्रीचे 18 पौंड पडले. पैसे भरलेच आहेत तर पाहू, म्हणून मी फ्रिज 230 व्होल्टवर लावला. सकाळी दार उघडले तेव्हा आतला तापमापक 4 अंश दाखवत होता.

कारण आईच्या लक्षात आले. न्याहारीच्या वेळी ती म्हणाली, “अरे, इथे आमटी पातेल्यात सरळ राहते बघ. स्टोला सगळी एका अंगाला जात होती.” माझे वडील बांधकामावर गवंडी होते आणि पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढताना तिने त्यांना आयुष्यभर पाहिले आहे. तिने पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी फ्रिजमधल्या फळीवर ठेवली. पाणी चारही बाजूंनी काठाला सारखे लागले होते.

यामागचे तत्त्व मी नंतर नीट समजून घेतले, आणि ते गाडी विकणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते असे माझे ठाम मत आहे. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये शोधलेल्या पद्धतीनुसार पाण्यात विरघळलेला अमोनिया उष्णतेने बाहेर काढला जातो, त्याची वाफ वर चढते, थंड होऊन द्रव बनते, तो द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो आणि शेवटी अमोनिया परत पाण्यात मिसळतो. हे सारे चक्र पंपाशिवाय, केवळ उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर फिरते. गाडी दोन-तीन अंशांहून अधिक कलली की द्रव नळ्यांत भलतीकडे साचतो, चक्र अडते आणि फ्रिज गार होत नाही; सतत तसाच चालवला तर तो भाग कायमचा निकामीही होऊ शकतो. धावत्या गाडीत कल सारखा बदलत असल्यामुळे हा त्रास होत नाही. म्हणूनच स्टोला पोहोचेपर्यंत आमचे दूध गार होते आणि गाडी उतारावर उभी केल्यावर बिघडले.

स्टो सुमारे 800 फूट उंचीच्या टेकडीवर आहे आणि बोर्टन तिथून चार मैलांवर विंडरश नदीच्या खोऱ्यात. रोमन काळातला फॉस वे हा रस्ता दोन्ही गावांजवळून जातो. बोर्टनमध्ये नदी गावाच्या मधोमध हिरवळीच्या कडेने इतकी उथळ आणि संथ वाहते की मुले पायजमा न भिजवता पलीकडे जातात. तिच्यावरचे 1654 ते 1953 या काळात बांधलेले पाच बुटके दगडी पूल पाहायलाच लोक बसगाड्या भरून येतात. जमीन सपाट म्हणून नदी संथ, नदी संथ म्हणून पूल बुटके, आणि त्याच सपाट जमिनीवर आमचा फ्रिज गार, हे लक्षात आल्यावर मला या गावाविषयी वेगळीच आपुलकी वाटू लागली.

मुक्कामी गाडीचा खरा फायदाही इथेच समजला. सहल-गाड्या सायंकाळी निघून गेल्या की मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे, बदके आणि पाण्याचा बारीक आवाज एवढेच उरते. आई नदीकाठच्या बाकावर तास-तासभर बसली. 1937 मध्ये खुले झालेले, एक-नवमांश प्रमाणातले गावाचे दगडी प्रतिरूप आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले. त्यात या प्रतिरूपाचेही छोटे प्रतिरूप आहे, आणि ते दाखवल्यावर आईने तीनदा वाकून पाहिले. दुपारी गाडीत येऊन गार ताक प्यायलो.

परतल्यावर मी 25 पौंडांची प्लास्टिकची चाकांखाली ठेवायची पिवळी उताराची ठोकळी आणि बुडबुड्याने कल दाखवणारी पाणसळ घेतली. आमच्या दोन चाकांमध्ये सुमारे 1.8 मीटर अंतर आहे, म्हणजे तीन अंशांचा आडवा कल मोडायला एका बाजूची चाके नऊ-साडेनऊ सेंटिमीटर उचलावी लागतात, आणि ठोकळ्यांवर ते जमते. ऑक्टोबरमध्ये मुद्दाम उतारावर गाडी लावून पाहिली. ठोकळ्यांशिवाय आतले तापमान सकाळी 13 अंश होते, ठोकळ्यांवर 5. वीजही फार लागत नाही. सुमारे 135 वॉट धरले तर चोवीस तासांत जास्तीत जास्त सव्वातीन युनिटे होतात. निघण्याच्या आदल्या रात्रीच फ्रिज सुरू करावा, कारण गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात. याच कारणाने त्या कार्यशाळेतली दोन तासांची तपासणी निरर्थक होती.

तरीही पूर्ण गुण देता येणार नाहीत. बाहेर कडक ऊन असेल आणि फ्रिजची बाजू उन्हात असेल, तर मागच्या जाळीतून उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही आणि तापमान आठ-नऊ अंशांवर रेंगाळते. तेव्हा ती बाजू सावलीकडे करून गाडी लावावी लागते. श्रीखंडाच्या बाबतीत अशा दिवशी मी अजूनही धोका पत्करत नाही.

85 पौंड परत मागणारी दोन पत्रे मी कार्यशाळेला पाठवली. पहिल्याचे उत्तर नकाराचे आले, दुसऱ्याचे अजून यायचे आहे. बोर्टनच्या शेतातली कुंपणाकडची तीच जागा मेमधल्या चार रात्रींसाठी मागून ठेवली आहे. शेताच्या मालकीणबाईंना फोनवर पहिला प्रश्न जमिनीच्या कलाबद्दल विचारला, तेव्हा त्यांनी पाणसळ लावून पाहते असे सांगितले आणि अर्ध्या तासाने छायाचित्र पाठवले. बुडबुडा बरोबर मधोमध होता.