नळालाही फेस, तोंडालाही फेस

न्यू जर्सीकडे मराठी घरात बेसमेंटचं काम निघालं की बार येतो, आणि बार आला की काउंटरमध्येच बसवलेला बीअरचा नळ हवासा वाटतो. हौसेला हरकत नाही. पण या कामात पैसे कुठे उकळले जातात त्या जागा ठरलेल्या आहेत, आणि खालच्या एकाच प्रकरणात त्यातल्या बहुतेक सापडतात.

कोटेशनमध्ये ओळ एकच होती: ‘बिल्ट-इन केगरेटर, स्टेनलेस टॉवर, गॅससह’. केगरेटर म्हणजे बीअरचं पिंप (केग) गार ठेवणारा फ्रिज, टॉवर म्हणजे काउंटरवरचा नळाचा खांब, आणि गॅस म्हणजे बीअर नळापर्यंत ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. मॉडेल क्रमांक नाही, केगपासून नळापर्यंतच्या नळीची लांबी नाही. पाणी तिथेच मुरत होतं.

बसवलेलं यंत्र निघालं फ्रीस्टँडिंग, म्हणजे मोकळ्या जागेत उभं ठेवायचं. दाराकडून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. फरक गरम हवा कुठून बाहेर पडते याचा आहे. खऱ्या बिल्ट-इनला खाली पुढच्या बाजूला जाळी असते. फ्रीस्टँडिंगची उष्णता मागून आणि बाजूंनी निघते, तिथे काही इंच मोकळी जागा लागते. असं यंत्र तिन्ही बाजूंनी लाकडात कोंडलं की कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही, तरी बीअर हवी तेवढी गार होत नाही. वॉरंटीच्या कागदात कॅबिनेटमधला वापर वगळलेला असतो, त्यामुळे यंत्र जळालं तर भुर्दंड मालकालाच. सुताराने माप घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून मॅन्युअल उघडून मोकळ्या जागेचं पान वाचा.

मग सुरू झाला फेस. ठेकेदार आला, ‘प्रेशर जास्त आहे’ म्हणाला, गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर १२ पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं एकक) ५ वर उतरवला आणि फेरीचे पैसे घेऊन गेला. त्या संध्याकाळी नळ शहाण्यासारखा वागला. ही युक्ती ओळखून ठेवा, कारण ती दुसऱ्या बिलाची पेरणी असते. दाब कमी केला की बीअरमध्ये विरघळलेला वायू नळीतच सुटू लागतो. दोन-चार दिवसांत फेस परत येतो आणि केगमधली बीअरही हळूहळू मिळमिळीत होते. दुसऱ्या फेरीत इथे ‘रेग्युलेटर बिघडलाय’ निघालं आणि नवा बसला. जुन्याला काहीही झालेलं नव्हतं.

दोष होता नळीत. ३८ अंश फॅरेनहाइटला नेहमीच्या अमेरिकन लागर बीअरसाठी १२ पीएसआयच्या आसपासचा दाब योग्यच आहे. तो नळापर्यंत पोचेतो नळीत जिरायला हवा. ३/१६ इंच आतल्या व्यासाच्या व्हिनाइल नळीत फुटाला २ ते ३ पीएसआय जिरतो असं कागदावर धरतात, म्हणून यंत्रासोबत बहुधा ५ फूट नळी येते. घरच्या जोडणीत मात्र ८ ते १० फूट लागते. जास्तीची नळी टॉवरमध्ये न कोंबता आत केगवर गुंडाळून ठेवायची. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, म्हणून ती बदलण्यात कुणाला रस नसतो.

कारण ओळखायची खूण सोपी आहे. फक्त पहिला ग्लास फेसाळला तर टॉवर गरम आहे, आतली गार हवा वर ढकलणारा छोटा पंखा पुरतो. प्रत्येक ग्लास फेसाळला तर तापमान, दाब किंवा नळी. तापमान यंत्राच्या आकड्यावरून धरू नका, दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवा. एवढ्याशा अंतरासाठी कुणी ग्लायकॉलची शीतयंत्रणा सुचवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती लांबच्या नळ्यांसाठी असते.

‘स्टेनलेस’ची गंमत वेगळी. ठेकेदाराने टॉवरला लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, सगळे खूश. पण चुंबक पितळेलाही चिकटत नाही! नळ काढून शँकच्या, म्हणजे नळ टॉवरला जोडणाऱ्या नळकांड्याच्या, आत टॉर्च मारा. पिवळं दिसलं तर ते क्रोम चढवलेलं पितळ. मुलामा झिजला की बीअरला धातूची चव लागते. कोटेशनमध्ये ‘बीअरला लागणारे सर्व भाग ३०४ स्टेनलेस’ असं लिहून घ्या.

सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. साधारणपणे पाच वर्षं उलटली की गॅसवाला भरून देत नाही, आणि ‘गॅससह’मध्ये नेमका असाच जुना सिलिंडर खपवतात. भरलेला आहे का हे गेजवरून कळत नाही. आत द्रवरूप गॅस थोडा उरला असला तरी काटा भरल्यासारखाच उभा राहतो. सिलिंडर वजन करा, त्यावर कोरलेलं ‘टीडब्ल्यू’ म्हणजे रिकामं वजन वजा करा. ५ पौंडी सिलिंडर असेल तर ५ पौंडच उरायला हवेत.

कपलर, म्हणजे केगच्या तोंडावर बसणारा जोड, कुठला तेही विचारा. बहुतेक अमेरिकन केगना ‘डी’ लागतो, हायनेकेनला ‘एस’, गिनेसला ‘यू’.

शेवटचा हप्ता केग जोडून २४ तास झाल्यावरच द्या. त्याआधी सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, आणि नळ न उघडता सिलिंडरचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून रेग्युलेटरचा काटा पाहा. सकाळी तो शून्याकडे सरकलेला असेल तर गळती आहे. ५ पौंड गॅस सुटला की ४० घनफुटांहून जास्त होतो, हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो, आणि बेसमेंटला खिडक्या फारशा नसल्याने गुदमरायचा धोका असतो.