पाटवडी रस्सा, मोठा पडदा आणि कम्युनिटी शील्ड

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रस भागात फुटबॉलचा सामना चार माणसांत बसून, मोठ्या पडद्यावर आणि समालोचन नीट ऐकू येईल अशा रीतीने पाहायचा असेल, तर हमरस्त्यालगतचे एक साधे भोजनालय हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे, असे माझे मत झाले आहे. 10 ऑगस्ट 2025 रोजी, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, तेथे इंग्लंडमधील लीगविजेता लिव्हरपूल आणि एफए कप (तेथील बाद पद्धतीची चषकस्पर्धा) विजेता क्रिस्टल पॅलेस यांच्यातील कम्युनिटी शील्डचा, म्हणजे या दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधील वार्षिक लढतीचा, सामना दाखवण्यात आला. सणासाठी माहेरी आलेल्या लेकी-बहिणींसह कितीतरी कुटुंबे त्या संध्याकाळी तेथे होती.

अशा ठिकाणासाठी हा सामना फार सोयीचा असतो आणि चालकांनी हे बरोबर ओळखले आहे. युरोपातील कितीतरी सामने आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतात, तेव्हा चूल विझलेली असते आणि सकाळी शेतावर जायचे असते. हा सामना मात्र लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दुपारी तीनला आणि आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसातला सुरू झाला. शिवाय कम्युनिटी शील्डमध्ये नव्वद मिनिटांनंतर बरोबरी राहिल्यास जादा वेळ न देता थेट पेनल्टी घेतल्या जातात, त्यामुळे भाकऱ्या केव्हा टाकायच्या याचा अंदाज स्वयंपाकघराला आधीच येतो. दाराजवळच्या फळ्यावर हा नियम खडूने मराठीत लिहिलेला होता. दोन्ही संघ येथवर कसे आले तेही लिहिले होते: लिव्हरपूलने 2024-25 ची लीग जिंकली, तर पॅलेसने एफए कपच्या अंतिम सामन्यात 17 मे रोजी मँचेस्टर सिटीला 1-0 ने हरवून आपल्या इतिहासातील पहिला मोठा चषक मिळवला. फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या माणसाला एवढी माहिती पुरेशी होते, आणि ती देण्याची काळजी कोणी घेतली याचे मला मनापासून कौतुक वाटते. (आपल्याकडे लीग आणि फेडरेशन कप यांच्या विजेत्यांमधील अशी लढत 1997 मध्ये सुरू झाली होती, ती 2011 नंतर झाली नाही. सध्याचा भारतीय सुपर कप ही अनेक संघांची स्पर्धा आहे.)

सामन्यापूर्वी, जुलैमध्ये मोटार अपघातात मरण पावलेले दिओगो जोटा (लिव्हरपूलचा खेळाडू) आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा यांना श्रद्धांजली म्हणून शांतता पाळण्यात आली. मैदानावर काही प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे पंचांना ती लवकर संपवावी लागली. येथे वाढपी हातातली ताटे धरून जागच्या जागी उभे राहिले आणि कोणी चमचासुद्धा वाजवला नाही. सेवेचा दर्जा मला अशा गोष्टींत दिसतो.

जेवण उत्तम आहे. पाटवडीला बेसनाचा कच्चा वास नव्हता, रस्सा वऱ्हाडी तिखटाचा असूनही घशाशी न लागणारा होता, आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. थाळीचे 130 रुपये मला वाजवी वाटले. सामन्यासाठी वेगळे पैसे घेतले जात नाहीत. भात मात्र गार होता.

पडदा पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या भिंतीचा आहे, तरी चित्र स्वच्छ दिसते. चौथ्या मिनिटाला लिव्हरपूलच्या एकिटिकेने केलेला गोल, पॅलेसच्या सारला लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकने पाडल्यावर पॅलेसच्या मातेताने पेनल्टीवर साधलेली बरोबरी आणि 21 व्या मिनिटाला फ्रिम्पाँगने लिव्हरपूलला पुन्हा मिळवून दिलेली आघाडी, हे सारे मागच्या बाकावरूनही व्यवस्थित पाहता आले. समालोचनाचा आवाज पत्र्यावरच्या पावसातही ऐकू येत होता, कारण ध्वनिक्षेपक पडद्याजवळ एकच न ठेवता दोन्ही भिंतींवर लावले आहेत.

खरी उणीव विजेची आहे. उत्तरार्धात वीज गेली तेव्हा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण इंटरनेटचा राऊटर त्या जोडणीत नव्हता, आणि 77 व्या मिनिटाला सारने 2-2 अशी बरोबरी साधली त्या वेळी पडद्यावर नुसते फिरणारे चक्र होते. काही मिनिटांनी राऊटरची तार बदलून प्रक्षेपण सुरू झाले. तेव्हा चालकांनी थेट चालू असलेल्या क्षणावर उडी न मारता प्रक्षेपण मागे नेले, सुटलेला भाग पहिल्यापासून दाखवला आणि सर्वांना विनंती केली, ‘भाऊ, फोन खिशात ठिवा, निकाल पडद्यावरच पाहू.’ हा निर्णय मला अतिशय योग्य वाटला. सामना काही मिनिटे उशिराने पाहण्यात काहीच बिघडत नाही, मात्र बरोबरीचा गोल न पाहता पेनल्टी पाहणे म्हणजे गोष्टीतले एक पानच फाडून टाकणे होय. लोकांनीही ती विनंती मनापासून पाळली, आणि म्हणून पेनल्टीत लिव्हरपूलच्या सालाहचा फटका आडव्या खांबावरून गेला तेव्हा, पॅलेसचा गोलरक्षक हेंडरसनने लिव्हरपूलच्या मॅक अॅलिस्टर आणि एलियट यांचे फटके अडवले तेव्हा आणि डेव्हेनीच्या पेनल्टीने पॅलेस 3-2 असे जिंकले तेव्हा उमटलेला आवाज संपूर्ण दालनाचा होता. पेनल्टी चालू असताना स्वयंपाकघराने नवी मागणी घेणे थांबवले होते. हा नियम त्यांनी कायम ठेवावा.

राऊटर इन्व्हर्टरला जोडण्याचे काम अगदी किरकोळ खर्चाचे आहे, ते पुढच्या मोठ्या सामन्याआधी व्हावे, अशी माझी चालकांना आग्रहाची सूचना आहे. हात धुण्याच्या जागी दिवा हवा आणि महिलांसाठीच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी दुरुस्त करायला हवी; कुटुंबे येणार असतील तर या दोन गोष्टी पडद्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

जाणाऱ्यांनी सामन्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि डाव्या भिंतीकडील बाक धरावा, कारण उजवीकडे दारातून पावसाचे पाणी आत येते. पेनल्टीपर्यंत थांबायचे असेल तर परतीसाठी स्वतःच्या वाहनाची सोय करूनच निघावे.