मिराफ्लोरेस लॉक, पनामा: भर दुपारी जाऊ नका

लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारा दरवाज्यांचा हौद. पनामा कालव्यावरच्या या लॉकशेजारच्या प्रेक्षक केंद्रात बरेच पर्यटक बारा-एकला पोचतात आणि नुसतं पाणी बघून परततात. पॅसिफिककडून आलेली जहाजं इथे सकाळी वर चढतात, नऊ-दहापर्यंत आटोपतात. अटलांटिककडून निघालेल्यांना इथवर यायला दुपारचे तीन वाजतात. मध्ये फारसं काही हलत नाही. केंद्र उघडताच किंवा तीननंतर जा आणि थेट वरच्या गच्चीवर कठड्याशी जागा धरा. आयमॅक्स फिल्म नंतरही बघता येते.

हौद 33.5 मीटर रुंद, त्यात बसणारं सर्वांत मोठं जहाज 32.3 मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम 60 सेंटिमीटर. रुळांवरची इंजिनं (इथे त्यांना खेचरं म्हणतात) जहाज ओढतात असा समज आहे, तो चूक. जहाज स्वतःच्या इंजिनावर पुढे सरकतं. खेचरांच्या तारा त्याला मधोमध धरतात आणि थांबवतात.

खरी नजर ठेवायची ती पाण्यावर. पंप एकही नाही. भिंतीतल्या 5.5 मीटर व्यासाच्या भुयारांतून वरचं पाणी निव्वळ उतारानं येतं आणि तळाच्या भोकांतून वर चढतं. साधारण आठ मिनिटांत हौद भरतो. एकाच बाजूनं सोडलं असतं तर जहाज भिंतीवर लोटलं गेलं असतं. तळभर सारखं येतं म्हणून ते जागचं ढळत नाही. दरवाज्याची दोन पाती उंच पाण्याकडे टोक करून मिळतात, त्यामुळे दाब वाढेल तशी फट घट्ट मिटते. पाती 2.1 मीटर जाड, पण आतून पोकळ, म्हणून पाण्यात बिजागऱ्यांवर भार कमी पडतो. सर्वांत उंच पाती इथेच आहेत, सुमारे 25 मीटर, कारण पॅसिफिकची भरती-ओहोटी मोठी.

2016 पासून मोठी कंटेनर जहाजं नव्या लॉकमधून जातात. ती इथून फक्त लांबवर दिसतात.

या सगळ्याचं मूळ, चाग्रेस नदीवरचं गटून धरण, मात्र या गच्चीवरून दिसत नाही. त्यानं अडवलेलं तळं समुद्रापेक्षा 26 मीटर उंच आहे. जुन्या लॉकमधून एक जहाज पार जाताना जवळपास 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा रोजची जहाजं कमी करावी लागली, ती यामुळेच. एक दिवस हाताशी असेल तर अटलांटिक बाजूच्या कोलोन शहराजवळचं आग्वा क्लारा केंद्रही जोडून बघा. तिथे गटूनचं तळं समोर दिसतं, आणि नव्या लॉकशेजारचे, 60 टक्के पाणी पुन्हा वापरू देणारे साठवण-हौदही.