टिळकवाडीतील रॅकेटचे गटिंग

‘एकेरी खेळता की दुहेरी?’ असे आधी विचारून मगच टेनिसची रॅकेट गटिंगच्या, म्हणजे तारा बसवण्याच्या, यंत्रावर चढवणारा कारागीर बेळगावात टिळकवाडीच्या या छोट्या दुकानात भेटतो. प्रश्न रास्त आहे, कारण दुहेरीत निम्मा खेळ जाळ्याजवळ होतो आणि तिथे जोरापेक्षा हाताचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. बोलताना तो कोडगूच्या रोहन बोपण्णाचा दाखला देतो (देणारच, राज्याचा खेळाडू!): एकेरी सोडून दुहेरीवरच भर देणाऱ्या बोपण्णाने २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसह फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकून तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचला.

माझ्या दुखऱ्या कोपराचा विचार करून त्याने कडक पॉलिएस्टरऐवजी मऊ तार सुचवली, ताणही दोन पौंडांनी उतरवला. परिणामी व्हॉली (चेंडूचा टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) खोल जाऊ लागली, पण जोरदार फटके मात्र थोडे सुटतात. आडव्या तारा तो बोटाने एकेक सरळ करतो. मजुरी वाजवी आहे. दिलेली वेळ मात्र पाळली जात नाही, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी रॅकेट टाकू नये.