एबीसी का ईबीसी? साताऱ्याहून पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्यांसाठी

सकाळी अजिंक्यताऱ्यावर आमच्याबरोबर चढणारे दोघं जण गेले पंधरा दिवस एकच विचारतायत, की नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प (एबीसी) करायचा का थेट एव्हरेस्ट बेस कॅम्पच (ईबीसी) करून टाकायचा. एक तिशीतला पोरगा, यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन तीनदा पळालेला, आणि दुसरे बावन्न वर्षांचे काका, गुडघा अधूनमधून दुखतो पण हौस दांडगी. मी दोन्ही ट्रेक केलेत, ईबीसी मात्र पहिल्या खेपेला अर्धवट सोडून परत यावं लागलं, ते का ते पुढं सांगतोच. दोघांना वेगवेगळं तोंडी सांगण्यापेक्षा म्हटलं नीट लिहूनच काढावं, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी उंची. सातारा शहर साधारण साडेसातशे मीटरवर, अजिंक्यतारा हजाराच्या आसपास, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर. एबीसी आहे ४१३० मीटर आणि ईबीसी ५३६४. वाचायला फरक बाराशे मीटरचा वाटतो, पण एबीसीला हवा विरळ होऊन श्वासागणिक ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के मिळतो आणि ईबीसीला जेमतेम निम्मा. त्याहून मोठा फरक रात्रींचा आहे, आणि तो कुणी विचारतच नाही. एबीसीत चार हजारच्या वर तुम्ही बहुतेक एकच रात्र झोपता, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघालात की संध्याकाळपर्यंत बांबूला म्हणजे २३०० मीटरपर्यंत खाली येता, आणि तिथं परत भूक लागते, झोप लागते, माणूस माणसात येतो. ईबीसीत डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४, अशा सलग चार रात्री काढायच्या असतात आणि प्रत्येक रात्र आधीच्यापेक्षा जड जाते.

पायांचं म्हणाल तर उलटं आहे. पाय एबीसीत जास्त दुखतात. छोमरोंगच्या दगडी पायऱ्या नदीपर्यंत उतरायच्या, पूल ओलांडायचा आणि समोर सिनुवाची चढण, आणि हे सगळं येतानाही परत करायचं, तेही दमलेल्या पायांनी. सज्जनगडाच्या पायऱ्या आपण हसत चढतो, पण त्या संपतात. इथं एक टप्पा संपला की वळणावर पुढचा दिसतो. ईबीसीचा रस्ता त्या मानाने लांबलचक आणि बऱ्यापैकी सरळ, लुक्ला ते नामचेमधली शेवटची चढण आणि पुढची तेंगबोचेची चढण सोडली तर गुडघ्याचा जीव काढणारं फारसं काही नाही, वासोटा आरामात करणाऱ्याला पायांच्या बाबतीत काहीच अवघड जाऊ नये. म्हणून काकांना गुडघ्यापुरतं बघायचं तर ईबीसी सोपा वाटेल, पण उंची गुडघा बघून त्रास देत नाही, आणि स्टॅमिना बघूनही नाही.

हे स्टॅमिन्याचं जरा नीट सांगतो कारण आमचा तरुण गडी तिथंच चुकतोय. तो रोज साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणावरून पळत वर जातो, दम लागत नाही, म्हणून त्याला वाटतं उंचीचा त्रास दुसऱ्यांना होतो. फिटनेस असला म्हणजे उंचीचा आजार होत नाही असं अजिबात नाही. उलट जोरात चालणारी माणसं लवकर वर पोचतात आणि शरीराला सवय व्हायच्या आत वर झोपतात, म्हणून तेच अडकतात. नियम साधा आहे, तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या उंचीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढ नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच मुक्काम. त्या मुक्कामाच्या दिवशी नुसतं लोळायचं नाही, थोडं वर चढून यायचं आणि खाली येऊन झोपायचं.

आता एबीसीबद्दल एक सावध करतो. हल्ली जीप झिनू गावाच्या खालपर्यंत जाते, त्यामुळे पोखरा सोडल्यावर चौथ्या दिवशी लोक बेस कॅम्पला पोचतात. देउरालीहून (३२०० मीटर) निघून माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला (३७००) न थांबता थेट ४१३० म्हणजे एका दिवसात नऊशे मीटर. त्यामुळे एबीसी सोपा म्हणून घाई करू नका, मध्ये ३७०० ला एक रात्र काढाच. आणि देउरालीच्या अलीकडं-पलीकडं हिमस्खलनाचा पट्टा आहे, २०२० च्या जानेवारीत देउरालीच्या जरा अलीकडं ट्रेकर आणि गाईड दगावलेत, तो पट्टा सकाळी लवकर पार करायचा, गाईड थांब म्हणाला तर थांबायचं.

मनाचं काय ते माझ्या पहिल्या ईबीसीवरून सांगतो. ज्यांच्याकडं बुकिंग केलं त्यांच्या प्लॅनमध्ये डिंगबोचेचा मुक्कामाचा दिवस कापलेला होता आणि मी तो बघूनही गप्प बसलो, कारण रजा बारा दिवसांचीच होती आणि परतीचं तिकीट काढून ठेवलेलं. लोबुचेला पोचलो तेव्हा डोकं ठणकत होतं. जेवताना लसणाचं सूप पुढं आलं, दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सरकवली. गाईडनं विचारलं कैसा है, मी म्हटलं एकदम ठीक. रात्री झोप नाहीच. शेजारच्या पलंगावर मित्र झोपलेला, तो चार-पाच श्वास जोरजोरात घ्यायचा आणि मग एकदम शांत, काहीच आवाज नाही, मी घड्याळातले सेकंद मोजत बसायचो, दहा, बारा, पंधरा, आणि मग तो एकदम खोल श्वास घ्यायचा. उंचीवर झोपेत असं होतं हे मला नंतर कळलं, त्या रात्री मात्र प्रत्येक वेळी वाटायचं आता उठवावं का. बाटलीतलं पाणी गोठलेलं, लघवीला बाहेर जायचं म्हणजे सगळे थर परत चढवायचे, आणि डोक्यात एकच चाललेलं की उद्या परवा झालं की झालं, एवढ्यासाठी मागं फिरायचं नाही.

सकाळी बुटाची नाडी बांधायला बसलो तर बोटं चालेनात, गाठ कशी मारायची हेच सुचेना. गाईड बघत होता. त्यानं मला अंगणात नेलं आणि टाच बोटाला लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी डावीकडं कलंडलो. परत सांगितलं, परत कलंडलो. तो एक शब्द जास्त बोलला नाही, माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही खाली निघालो. असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायची सुरुवात असू शकते, तिथं एक तास वाया घालवायचा नसतो. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, १९७३ पासून चालतं, तिथं तपासलं, आणि आणखी खाली उतरल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं. मी वाचलो तो गाईडमुळं, माझ्या स्टॅमिन्यामुळं नाही. पण मला आजही बोचतं ते हे की डोकं दुखतंय हे एक वाक्य मी आदल्या रात्री बोललो असतो तर सकाळ वेगळी झाली असती.

दोन वर्षांनी परत गेलो, सतरा दिवस काढून. नामचेला आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री, शिवाय दोन दिवस राखीव. रोज संध्याकाळी चौघांनी एकमेकांना विचारायचं ठरवलेलं, डोकं किती, भूक किती, झोप किती, दहापैकी मार्क द्यायचे आणि खोटं बोलायचं नाही. हे एवढंसं वाटतं, पण त्यामुळं लपवायची वेळच आली नाही.

गावात ईबीसी म्हटलं की लोक डोळे मोठे करतात हे मला माहितीय. पण आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहितेनं २०१३ मध्ये एव्हरेस्ट केलं आणि २०२१ मध्ये ८०९१ मीटरचं अन्नपूर्णा, आणि अन्नपूर्णा करणारी ती पहिली भारतीय महिला, त्यामुळे अन्नपूर्णा म्हणजे दुय्यम असं निदान आपण तरी म्हणू नये. माणसानं शिखर गाठलेला पहिला आठ हजारी डोंगरही तोच, १९५० साली, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. आणि बघायचंच म्हणाल तर एबीसीला पहाटे दार उघडलं की चारी बाजूंनी बर्फाची भिंत असते. ईबीसीवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही, त्यासाठी काला पत्थरवर साडेपाच हजारच्या वर जावं लागतं, तेही पहाटेच्या थंडीत, आदल्या रात्री न झोपता. तिथं पोचल्यावर जे वाटतं ते मात्र शब्दांत येत नाही, मी रडलो होतो.

दिवस आणि पैसा पटकन सांगतो. एबीसी पोखऱ्याहून सात ते नऊ दिवस, रस्त्यानं जाता येतं, हवामानानं फारसं अडत नाही. ईबीसीला लुक्लाचं विमान, ढग आले की दोन-दोन दिवस बंद, गर्दीच्या सीझनला ते काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतं म्हणजे मध्यरात्री चार-पाच तासांचा गाडीप्रवास आधी. खर्च ईबीसीचा बराच जास्त, वर जाल तसं जेवण, चार्जिंग, गरम पाणी सगळंच महागतं. दोन्हीकडं ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. विम्यात हेलिकॉप्टर आणि किती मीटरपर्यंत कव्हर आहे ते वाचून घ्या. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि ती गोळी घेतली म्हणून घाई करायची मुभा मिळत नाही.

तर माझं मत. पहिल्यांदाच जाताय आणि रजा दहा-अकरा दिवसांची असेल तर एबीसी, डोळे झाकून. तिथं स्वतःचं शरीर उंचीवर कसं वागतं ते कळतं, आणि चुकलंच तरी अर्ध्या दिवसात हजार मीटर खाली येता येतं. ईबीसी तेव्हाच, जेव्हा सोळा-सतरा दिवस खरंच मोकळे असतील आणि मागं फिरायची तयारी घरून निघतानाच झालेली असेल. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे परत आल्यावर काय सांगायचं याचं ओझं वर चढताना डोक्यावर राहत नाही.

काका नोव्हेंबरात एबीसीला निघालेत, त्यांना मी दोन काठ्या घ्यायला लावल्यात आणि आता रोज चढण्यापेक्षा आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन सावकाश उतरायचा सराव चाललाय, गुडघा उतरतानाच दुखतो म्हणून. तरुण गडी ईबीसीवरच अडून बसलाय आणि त्यानं परतीचं तिकीट तेराव्या दिवसाचं काढून ठेवलंय. बाबा, ते तिकीट आधी चार दिवस पुढं ढकल, जो काही दंड पडेल तो पडू दे, मग बुटांचं आणि जॅकेटचं बघायला आपण दोघं पुण्याला जाऊ.